पासवर्डांची दुय्यम प्रत

तारीख नऊ डिसेंबर, वार मंगळवार. रक्कम चौदा हजार आठशे, अधिक अठरा टक्के जीएसटी, एकूण सतरा हजार चारशे चौसष्ट. हजर: आमचे शेठ, बिलिंगच्या अक्का, संगणकवाला आणि मी. काम: ऑफिसातल्या कोणीही दुसऱ्याच्या संगणकात डोकावू नये याचा बंदोबस्त.

या चौघांपैकी माझा त्यात खासगी स्वार्थ होता. तो लपवण्यासाठीच मी इतकी मेहनत घेतली, म्हणून आधी तोच सांगतो.

आमची फर्म ठिबकचे पाईप, मोटारी आणि बियाणे विकते. मुख्य ऑफिस जळगावला, शाखा धुळ्याला. एकोणीस वर्षे मी तिथे हिशेब बघतो. जळगावच्या ऑफिसात अकरा संगणक आहेत आणि ते सगळे एकमेकांना जोडलेले. कोणत्याही संगणकावर 'नेटवर्क'वर क्लिक केले की बाकीचे दहा दिसत आणि त्यांच्यातली फोल्डरे उघडत. दुसऱ्याचा डबा उघडायचा तर आमच्यात अजून विचारतात, फोल्डरला कोणी विचारत नसे. सकाळी आले, अगरबत्ती लावली, की प्रत्येक जण एक फेरी मारून येई. शेठना डॉक्टरांनी दिलेला आहाराचा तक्ता सगळ्यांना पाठ होता. शेठनी दुसरी कचोरी उचलली की आठ माणसे टाइप करायची थांबत.

नोव्हेंबरात शेठ पगारवाढीची यादी करायला बसले. केबिनचे दार लावून घेतले होते, पण त्यांना दर ओळीनंतर सेव्ह करायची सवय. पाऊण तासाने गोडाऊनचा माणूस आत गेला आणि त्यांच्या पाया पडला.

"शेठ, दीड हजाराची अपेक्षा नव्हती."

शेठनाही नव्हती. ते आकडा नुसता टाकून बघत होते. त्यांनी तो बाराशे केला. दहा मिनिटांत माणूस परत दारात.

"शेठ, माझं काही चुकलं का?"

"ही पगाराची यादी आहे का क्रिकेटचा स्कोअर?" शेठ ओरडले. तेव्हापासून ते 'हे बंद करायला पाहिजे' असे रोज म्हणत होते आणि रोज विसरत होते. नऊ तारखेला ते विसरले नाहीत, कारण आदल्या दिवशी मी तीनदा आठवण करून दिली.

आता माझा स्वार्थ. माझी मुलगी जळगावात बँकेत नोकरीला आहे. दोन वर्षांत तिच्यासाठी एकवीस स्थळे पाहिली. बायकोला प्रत्येक स्थळ तिथल्या फराळावरून लक्षात राहते. मला तसे जमत नाही, म्हणून मी एक्सेलमध्ये तक्ता केला. शिक्षण, नोकरी, घर-शेती, स्वभाव, अंतर. प्रत्येकी वीस गुण, एकूण शंभर. शेवटी 'इतर' असा रकाना, त्यात अधिक किंवा उणे. फाईल ऑफिसातच होती, कारण घरी एकच लॅपटॉप आहे आणि तो मुलीचा. नाव मी 'संकीर्ण' असे ठेवले होते, की कोणी उघडणार नाही.

चौदाव्या ओळीत धुळ्याचा एक मुलगा होता. सोलर पंपाच्या कामात इंजिनियर. शिक्षण बारा, नोकरी अकरा, घर-शेती नऊ, स्वभाव आठ, अंतर सहा. स्वभावात आठच, कारण पहिल्याच भेटीत त्याने आमच्या पोह्यांत मीठ कमी आहे असे सांगितले. मीठ कमी होते, ही गोष्ट वेगळी. बेरीज सेहेचाळीस. आणि 'इतर'मध्ये मी लिहिले होते: मामा फोनवर फार बोलतात, उणे पाच. निव्वळ एकेचाळीस.

हे मामा म्हणजे आमच्या धुळे शाखेचे मॅनेजर. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो.

तक्त्याच्या हिशेबाने हे स्थळ सोळाव्या क्रमांकावर होते. पण मुलगी त्या मुलाला आणखी तीनदा भेटली आणि म्हणाली, "पप्पा, मला हा पसंत आहे." झाले. त्यांच्याकडूनही होकार आल्यासारखा होता. मात्र त्या घरात नानांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही, आणि नानांनी 'पौष लागायच्या आत बघू' एवढेच सांगितले होते. पौष लागायला दोन आठवडे उरले होते. अशा वेळी नानांनी ती चौदावी ओळ वाचली असती, तर माझ्या उणे पाचामुळे माझ्या मुलीचे लग्न मोडले असते. साधा सरळ हिशेब होता.

तोवर मी निर्धास्त होतो, कारण धुळ्याचे चार संगणक आमच्या जाळ्यात नव्हते. सहा तारखेला, शनिवारी, गोडाऊनमागे आमची वार्षिक भरीत पार्टी होती. अक्का कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होत्या आणि मी त्यांना वांगी मोजून देत होतो.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "चोपड्याच्या मुलाला शिक्षणात सोळा कसे दिले हो? बारावीला दोनदा बसलाय तो. माझ्या भावाच्या शाळेत होता."

"सोळा दिले हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"संकीर्णमध्ये आहे ना." त्यांनी वांगे उलटवले. "बाकी मार्क बरोबर आहेत. सावद्याच्या पोराचा स्वभाव तुम्ही अगदी बरोबर पकडला. आम्ही सगळे म्हटलो."

"सगळे?"

"आता तुम्ही मोठ्या अक्षरात लिहिता तर दिसणार नाही का? पण भाऊ, ते नानांच्या भाच्याचं काहीतरी बघा. धुळ्याची लाईन परवा गुरुवारी जोडली शेठनी. नाना अजून शिकताहेत, पण शिकले म्हणजे?"

माझ्या हातातले वांगे निखाऱ्यात पडले. ते मोजणीत धरले नाही.

घरी येऊन बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"उडवून टाका ती फाईल."

"रेकॉर्ड आहे ते. असं कसं उडवायचं?"

"पाच मार्क वाढवा मग."

"कशाच्या आधारावर?"

"अहो, मुलीच्या लग्नाच्या आधारावर!"

बाहेरून बघणाऱ्याला ती बरोबर वाटेल. पण एकदा केलेली नोंद खोडायची नाही, या एका नियमावर माझी एकोणीस वर्षे गेली आहेत. चुकीची असेल तर दुरुस्तीची नोंद करावी. आणि माझी नोंद चुकीची नव्हती. नाना फोनवर फार बोलतात. तेव्हा नोंद ठेवायची आणि दार लावायचे, असे मी ठरवले.

म्हणून मंगळवारची बैठक. संगणकवाला चाळिशीचा गृहस्थ आहे. संगणक, कॅमेरे आणि इन्व्हर्टर ही तिन्ही कामे तो करतो आणि तिन्हींना एकाच प्रकारे सुरुवात करतो: आधी बंद करून परत चालू करतो. त्याने समजावले, "साहेब, नेटवर्कचं चित्रच गायब करतो. ज्याला त्याला फक्त आपलं फोल्डर दिसेल. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. कोणी कोणाला काय दाखवायचं त्याची यादी तेवढी द्या."

यादी मी केली. जळगावचे अकरा आणि धुळ्याचे चार, पंधरा आडवे, पंधरा उभे, दोनशे पंचवीस चौकटी. प्रत्येक चौकटीत 'होय' किंवा 'नाही'. धुळ्याच्या चार रकान्यांत माझ्या नावासमोर चारही वेळा 'नाही' लिहिले आणि खाली रेघ मारली. शिवाय एक अट घातली: पासवर्ड बदलण्याचा अधिकार ऑफिसात कोणालाही नको, फक्त संगणकवाल्याला. शेठ यादी बघून म्हणाले, "भाऊ, तुम्ही हे काम फारच मनावर घेतलं." मी म्हटले, "शिस्त पाहिजे."

अक्कांनी त्या चार रकान्यांवरून बोट फिरवले आणि माझ्याकडे बघितले.

बुधवारी त्याने सगळे बंद केले. गुरुवारी प्रश्न उभा राहिला की माणसे पासवर्ड विसरतील त्याचे काय. त्यावर उपाय मीच काढला: पासवर्ड रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, पासवर्ड, सही. आमच्या ऑफिसात कोणतेही रजिस्टर कार्बन घालून दोन प्रतींत लिहितात. खूप वर्षांपूर्वी एका वर्षाची सगळी व्हाउचरे वाळवीने खाल्ली होती, तेव्हापासून हा नियम आहे. नियम माझाच.

अक्का टेबलावर रजिस्टर मांडून बसल्या आणि समोर रांग लागली.

"नाव राहू द्या, ओळखते मी तुम्हाला. पासवर्ड?"

"अक्का, हळू सांगू का?"

"हळू सांगितलं तर मला ऐकू येत नाही. मोठ्याने."

"शेवभाजी एक दोन तीन."

"शेवभाजी जोडून ना?"

"जोडून."

वसुलीच्या माणसाने बायकोचे नाव ठेवले होते. त्याच्यावर सगळे हसले, तेव्हा त्याने ते खोडून आईचे ठेवले. त्यावरही हसले. शेठचा पासवर्ड 'अठ्ठ्याहत्तर किलो' असा होता. तो त्यांना डॉक्टरांनी सांगितलेला आकडा होता आणि तिथे पोहोचायला अजून चौदा किलो बाकी होते, हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत होते. माझी पाळी आली तेव्हा मी अक्कांच्या हातून पेन घेतले आणि डाव्या हाताचा आडोसा धरून स्वतः लिहिले. एकालाही दिसले नाही. आडोसा वरच्या कागदाला होता, कार्बनला तो कळत नाही.

पुढचे दोन दिवस ऑफिसात विचित्र शांतता होती. लोकांना एकमेकांविषयी काहीच कळेना. वसुलीचा माणूस शुक्रवारी रजेवर होता, आणि तो रजेवर आहे हे आम्हाला तो आला नाही यावरून समजले. पूर्वी मंगळवारीच समजले असते. कोणाला कसली फाईल हवी असेल तर उठून जाऊन मागावी लागे. गोडाऊनचा माणूस पहिल्यांदाच बिलिंगच्या खोलीत आला आणि म्हणाला, "अक्का, तुमच्या खिडकीतून इतकं छान ऊन येतं?" अक्कांना तर करमेचना. त्या दर तासाला माझ्या टेबलापाशी येत, "काही नवीन स्थळ?" विचारत आणि निश्वास टाकून परत जात.

मी मात्र शुक्रवारी दुपारी डबा खाऊन वीस मिनिटे डुलकी काढली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी संध्याकाळी सहाला ऑफिस बंद करताना मी जावक रजिस्टरवर सह्या करत होतो. दिवसभरात बाहेर गेलेला प्रत्येक कागद त्यात असतो. शेवटची नोंद अशी होती: धुळे शाखा, दुय्यम प्रती, एक पाकीट, एस.टी. पार्सलने, साडेतीनची गाडी. आत: रोख पुस्तक पाने सहा, चलने पाने चार, पासवर्ड रजिस्टर पान एक.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग खाली बघितले. दुपारी पाकीट चिकटवण्यापूर्वी ज्याने पाने मोजून सही केली होती, तो मीच होतो.

सगळ्या दुय्यम प्रती दर शनिवारी धुळ्याला जातात. एका गावात वाळवी लागली तर दुसऱ्या गावात प्रत असावी, म्हणून. हाही नियम माझाच. दोनशे पंचवीस चौकटी भरून ज्या एका माणसापासून फाईल लपवली, त्याच माणसाच्या नावाने मी माझा पासवर्ड पार्सल केला होता, पोहोच मागवून.

"अक्का, तुम्ही हे पान घातलंत?"

"नियम आहे ना."

"पासवर्ड होते त्यात!"

"रजिस्टर होतं ते. तुम्हीच म्हणता, रजिस्टर म्हणजे रजिस्टर." मग त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्या हसत होत्या का घाबरल्या होत्या, हे हाताआड दिसले नाही. खांदे हलत होते.

संगणकवाल्याला फोन केला. तो सावद्याला केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॅमेरे बसवत होता. "साहेब, मंगळवारी येतो. तोवर बंद करून चालू करून बघा." पासवर्ड बदलण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता. ती अटही कोणाची होती, हे सांगत बसत नाही.

धुळ्याला पार्सल नानांची सही घेऊन नानांनाच मिळते, आणि ते सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना ते सोडवून घेतात. म्हणजे रविवारी जाऊन उपयोग नव्हता. रविवारभर मी घरात फिरत राहिलो. बायको म्हणाली, "पाच मार्क दिले असते तर पाय तरी दुखले नसते." मुलीला काही माहीत नव्हते. ती आरशासमोर उभी राहून, सुपारी फुटून लग्न पक्के होईल त्या दिवशी कोणती साडी नेसायची ते ठरवत होती. दोन साड्या खांद्यावर टाकून तिने मला विचारले, "पप्पा, कोणती?" मी काहीतरी बोललो. कोणती ते आठवत नाही.

सोमवारी सव्वासहाची गाडी पकडली. तिकीट माझ्या खिशातून, कारण काम घरचे. एरंडोल गेले, पारोळा गेले. नानांना काय सांगायचे याची मी मनात सात वाक्ये तयार केली. सातही खोटी होती आणि एकही मला नीट म्हणता येईना.

साडेनऊला शाखेच्या दारात उभा होतो. नाना स्कूटरवरून आले. पाकीट काखेत होते, चिकटवलेलेच. माझा जीव भांड्यात पडला. नाना माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे आहेत. ऑफिसच्या मराठीत सुरुवात करतात आणि दोन वाक्यांत अहिराणीत उतरतात, 'आहे'चे 'शे' होते.

"अरे भाऊ! तुम्ही इकडे कसे? फोन तरी करना व्हता! बठा, बठा, च्या सांगस."

"नाना, चहा नको. ते पाकीट."

"कोणतं?"

"काखेतलं. ते परत हवंय मला."

"हाई?" नानांनी पाकीट काखेतून काढून बघितले. "दुय्यम प्रत शे ना हाई? दुय्यम प्रत कोन परत मागस?" मग ते मला आत घेऊन गेले आणि त्यांनी खुर्चीमागचे लोखंडी कपाट उघडले. आत पाकिटांचे गठ्ठे होते, सुतळीने बांधलेले, वर्षवार लावलेले. "दखा. बारा वरीसना बठ्ठा पाकिटं शेतस. एकबी फोडेल नही. तुम्ही धाडतस, मी ठेवस."

मी कपाटाकडे बघत राहिलो. बारा वर्षांत मी पाठवलेला एकही कागद कोणी उघडलेला नव्हता. जगात माझा पासवर्ड याहून सुरक्षित कुठेच राहिला नसता. मी घरी बसून राहिलो असतो तर तो आज बाराव्या वर्षाच्या गठ्ठ्यात, सुतळीत असता.

"पण काय हो भाऊ," नाना खुर्चीत टेकले, "एका पाकिटासाठी तुम्ही सकाळच्या गाडीने जळगावहून धुळ्याला आले. म्हणजे याम्हा काहीतरी शे." आणि त्यांनी ते फोडले.

पासवर्डाचे पान त्यांनी मोठ्याने वाचले. शेवभाजीपाशी थांबून शाखेतल्या तिघांना बोलावले. शेठच्या किलोंवर सगळे खूप हसले. मग माझे नाव आले.

"भाऊ, खरं सांगा. तुमच्या संगणकात काय शे?"

सात वाक्ये होती. एकही आले नाही. मला कोणी समोरासमोर सरळ विचारले की खरेच सांगता येते, हा माझ्यातला दोष आहे. मी सांगितले. एकवीस स्थळे, शंभर गुण, चौदावी ओळ.

नानांनी चष्मा पुसला. "दाखवा."

मी माझा पासवर्ड टाकून त्यांच्या संगणकावर फाईल उघडली. तिघे कर्मचारी खुर्चीमागे येऊन उभे राहिले. नानांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. भडगावच्या मुलाला एकोणऐंशी गुण कसे, ते विचारले. मी कारणे सांगितली. चौदावी ओळ आली.

"एकेचाळीस." त्यांनी आकड्यावर बोट ठेवले. "पास तर शे ना?"

"पस्तीसला पास."

"मंग काय!" त्यांनी मागे वळून तिघांना सांगितले, "पोऱ्या पास शे." मग बोट स्क्रीनवरून उजवीकडे सरकत शेवटच्या रकान्यात गेले. तिथे ते थांबले.

"मामा फोनवर फार बोलतात," नानांनी शुद्ध मराठीत वाचले. "उणे पाच." "भाऊ, मन्हामुळे पोऱ्याना पाच मार्क काटात?"

"हो, नाना."

"मी फार बोलस? कोन म्हने?" त्यांनी तिघांकडे बघितले. तिघे पंख्याकडे बघत होते.

"दिवाळीआधी तुमचा एक फोन झाला," मी म्हटले. "एक तास आठ मिनिटं. विषय होता दोन मोटारींचं बिल."

"त्याम्हा कापूसना भाव बी व्हता."

"होता. आणि तुमच्या गुडघ्याचं दुखणं, आणि समोरच्या घराची भिंत."

"ती भिंत आम्हना हद्दीम्हा शे!" नाना म्हणाले. त्यांनी मोबाईल उचलला. बहिणीला, म्हणजे मुलाच्या आईला, फोन लावत होते. मुलगी दोन साड्या खांद्यावर घेऊन उभी असलेली दिसली. मी म्हटले, "नाना, चूक माझी आहे, मुलीची नाही." त्यांनी हाताने मला थांबवले.

"हां, ताई. मी बोलस. ऐक. जळगाववाला भाऊ समोर बठेल शेतस. त्यासनी आपला पोऱ्याले मार्क देल शेत. शंभरपैकी एकेचाळीस." पलीकडून काहीतरी मोठ्याने आले. "अगं, ऐक तर! माले उणे पाच. हां, माले. फोनवर फार बोलस म्हनीसन." पलीकडे आता हसण्याचा आवाज होता, आणि तो थांबेना. नाना कानापासून फोन दूर धरून माझ्याकडे रागाने बघत होते. "हसू नको. बरं. बरं. नही, मानूस चांगला शे. लपाडी ठेवं व्हतं, पन इचारं ते तोंडवर सांगं. असा सोयरा कुठे भेटस? हां, गुरुवारीच करी टाकूत."

यानंतर फोन संपायला हवा होता. पण मग भिंतीचा विषय निघाला, त्यानंतर आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा, त्यानंतर यंदाच्या मुगाचा. मी चहा घेतला. दुसराही घेतला.

फोन ठेवून नाना म्हणाले, "व्हई गयं. गुरुवारी सुपारी फोडूत, पौषना आत. आता ते पाच मार्क वाढाडी द्या."

"नाना, तो फोन चौतीस मिनिटं चालला."

नाना मोबाईल उचलून वेळ तपासू लागले. मग इतके हसले की तिघांपैकी एकाला पाणी आणायला पळावे लागले. पाणी पिऊन म्हणाले, "राहू द्या. उणे पाच तर उणे पाच. आम्हीबी मार्क देतस भाऊ, पन लिखतस नही."

"मला किती दिले?"

"लिखेल नही म्हनस ना!"

घरी आल्यावर मुलीला सगळे सांगावे लागले, कारण नानांनी तोवर तिच्या होणाऱ्या सासूला, सासूने मुलाला आणि मुलाने तिला सांगून झाले होते. मला वाटले ती चिडेल. फाईलही नानांकडून त्याच वाटेने तिच्याकडे आली होती. तिने लॅपटॉप पुढे केला, "दाखवा," म्हणाली. चौदावी ओळ बघून म्हणाली, "पप्पा, एकेचाळीस? मी पस्तीसच दिले असते. पण बाकीचे वीस नापास आहेत, तुम्ही त्यांना पास केलंय." आणि तिने माझ्यादेखत तक्त्यात एक नवा रकाना केला, त्याला नाव दिले 'मुलीचे मत' आणि एकाच ओळीत शंभर लिहिले. बेरीज एकशे एकेचाळीस झाली. शंभरपैकी एकशे एकेचाळीस होत नाहीत, हे मी तिला सांगितले. बायकोने मला जेवायला बोलावले.

ऑफिसातला बंदोबस्त पुढे चोवीस दिवस टिकला. एका सकाळी शेठना स्वतःचा पासवर्ड आठवेना. डॉक्टरांनी आकडा बदलून ब्याऐंशी केला होता, आणि त्यांच्या डोक्यात तोच बसला होता. रजिस्टरची पहिली प्रत अक्कांच्या कपाटात होती आणि अक्का माहेरी गेल्या होत्या. रांगेतल्या कोणीही आकडा सांगितला असता, पण आपले किलो लोकांना विचारायला शेठ तयार नव्हते. शेठनी संगणकवाल्याला बोलावून सगळे पुन्हा उघडे करायला सांगितले. उघडायलाही तेवढीच मेहनत लागते असे तो म्हणाला. दोन हजारांत मिटले. दुसऱ्या दिवशी अगरबत्तीनंतर सगळ्यांनी एक फेरी मारली आणि ऑफिस पूर्ववत झाले. पगारवाढीची यादी शेठनी शेवटी वहीत, हाताने केली.

सुपारी गुरुवारी, अठरा तारखेला, धुळ्याला मुलाच्या घरी फुटली. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार असल्यामुळे बायकांचा उपास होता आणि पुरुषांनी मांडे खाल्ले. मुलाने वाढणाऱ्या मामींना रशात मीठ कमी आहे असे सांगितले. मी चाखून बघितले, कमी होते. जेवणे झाल्यावर मुलाला कुंकू लावले आणि त्याच्या हातात एकशे एक रुपये आणि नारळ दिला. नारळ आणायला आम्ही विसरलो होतो, तो नानांनी येताना चौकातून पस्तीस रुपयांना घेतला होता. ते पस्तीस मी नानांना तिथेच सुटे दिले, आणि त्यांनी ते मोजून घेतले.